काडी वाजली नाही

मी काहीच वाजवलं नव्हतं, आणि आईनं बटण दाबलं.

यंत्रावरचा हिरवा दिवा लागला. दिवा लागला म्हणजे काचेपलीकडच्या माणसाला ऐकू आलं. पण माझे दोन्ही हात मांडीवर होते. आवाजबंद खोलीत आई एवढीशी दिसत होती, कानांवर माझे जाडजूड हेडफोन, हातात बटण, अंगठा अजून दाबलेला. अशी माणसं रोज येतात. न वाजलेलं ऐकणारी. कोणी भित्रं असतं, कोणाला नापास व्हायची लाज वाटते, कोणाला मला बरं वाटावं असं वाटत असतं. मी माईकवरून सांगते, "आवाज आला तरच दाबा हं, परीक्षा नाहीये ही." आमच्या कामात याला खोटा होकार म्हणतात. आला की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं, बाकी काही नाही. त्याचा राग येऊन चालत नाही. मला आला. कारण आईच्या चेहऱ्यावर जे होतं ते भित्रं नव्हतं, लाजरंही नव्हतं. ती ओठ घट्ट मिटून सरळ माझ्याकडे बघत होती, वाजवलंस की नाहीस ते तुझं तू बघ, असं. हा चेहरा मी आधी पाहिलेला होता. एकदाच, लहानपणी, आणि तेव्हा तो आईचा नव्हता. समोर बसलेल्या सगळ्या माणसांचा होता.

तपासणी दादानं काढली होती. परवा आईची कोर्टात साक्ष होती, आणि तिला प्रश्न ऐकूच आले नाहीत तर ती भलतंच बोलेल, अशी त्याला धास्ती. फोनवर तो म्हणाला होता, "तायडे, हॉस्पिटलात आहेस तर तेवढं तरी कर. कान दाखव, मशीन दे, कागद दे." आई दादाला मुकादम म्हणते. तोंडावर म्हणते, आणि त्याला त्यात मान वाटतो. तिचे कान याच हॉस्पिटलनं खाल्ले. तळघरातल्या धुलाईखान्यात ती सगळी उमेदीची वर्षं चादरी पिळत राहिली, त्या लोखंडी पिंपांच्या घरघरीत, आणि कानात घालायला बोळे द्यावेत हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. आता त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर तिची मुलगी तिचे कान किती गेले ते मोजते. जाड आवाज तिला ऐकू येतात. ट्रक, दार, दादा. बारीक आवाज गेले. चमचा पडलेला, नळ ठिबकलेला, आणि मी. मी बोलते तेव्हा ती माझ्या ओठांकडे बघते. धुलाईखान्यातल्या सगळ्या बायका तशाच बोलायच्या, ओठांनी, पिंपांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मुकादमाला अजिबात न कळता त्याची आई-बहीण काढायच्या. आईला मशीन दिलं होतं मागेच. शिट्टी वाजते म्हणून तिनं ते बटणांच्या डब्यात टाकलं. आलेखावर मी उजव्या कानाचे लाल गोळे काढले, डाव्या कानाच्या निळ्या फुल्या काढल्या. रेघ आधी बरी चालली होती, मग जिना संपल्याचं न कळून पाऊल पडावं तशी खाली गेली. तिथंच, त्या खड्ड्यात, काडी मोडल्याचा आवाज असतो. आता दहा काड्या मोडल्या तरी तिला कळणार नाही.

शहरातली माणसं काडीमोड म्हणतात आणि वकिलाकडे जातात. आमच्यात खरोखर काडी मोडायची. बाईनं मोडायची किंवा बाप्यानं, ज्याला निघायचं असेल त्यानं. काडी आपल्याच घराच्या कुंपणातली घ्यायची, बाहेरची चालत नाही. वस्ती जमवायची, उभं राहायचं, काडी छातीशी दोन्ही हातांनी धरायची आणि मोडायची. शेवटच्या रांगेत बसलेल्यालाही ऐकू जाईल अशी. मग वस्तीतला जाणता म्हातारा लोकांना विचारायचा, "मोडली?" मोडणाऱ्यानं बोलायचं नाही, ते त्याचं काम नाही. त्यानं लोकांकडे बघत उभं राहायचं. लोक म्हणायचे, "मोडली." झालं. एक तुकडा त्याला, एक हिला, आणि मोडणाऱ्यानं मागे न बघता निघायचं. का निघालीस हे कोणी विचारायचं नाही, हा सगळ्यात मोठा नियम. घरात तिच्या हातानं जे उभं राहिलं असेल, लिंपलेली भिंत, खणलेली विहीर, लावलेलं झाड, त्यातला वाटा तिचा. तोही कोणी विचारायचा नाही, द्यायचा. मी माझ्या नवऱ्यापासून सुटायला कोर्टात गेले त्याला आता इतका काळ झाला की तेव्हा घेतलेली चप्पल कधीच झिजून गेली, आणि अजून मला दर तारखेला कारण विचारतात. मारतो का? दारू पितो का? बाई आहे का? काही नाही हो, मला त्याच्याबरोबर राहायचं नाही. हे कारण होत नाही म्हणतात. आईचं कारण मला आजही माहीत नाही. मी विचारलं नाही. आमच्यात विचारत नाहीत.

त्या दिवशी मी अगदी पुढे बसले होते, मुलांना पुढेच बसवतात. आईनं कुंपणाशी जाऊन काडी उपटली. बापानं स्वतः रोवलेल्या काड्या होत्या, वरून कशा खडखडीत दिसत होत्या. पण कुंपणाच्या काड्यांचा भरवसा नसतो, त्या कधी मुळं धरतात ते रोवणाऱ्यालाही कळत नाही. आईनं छातीशी धरून जोर लावला आणि काडी वाकली. नुसती वाकली. आतून ओली, हिरवी. आईनं पुन्हा जोर लावला, साल सुटली, धागा धागा दिसायला लागला, आवाज नाही. दुसरी काडी घ्यायची नसते. बाप बसला होता मान खाली घालून, त्याच्या मानेवर घामाची एक रेघ उतरताना मी बघत होते. मग आईनं काडी पिळली, धुतलेलं कापड पिळतात तशी, आणि तरी सुटेना म्हणून शेवटी दातांनी तोडली. कुठं कट् नाही, काही नाही. तिच्या ओठावर हिरवा चीक लागला. म्हातारा गप्प. मला आठवतं, कोंबडी चालत होती तिच्या नखांचा आवाज येत होता, इतकं सगळं गप्प. मग त्यानं विचारलंच, कारण दुसरं काय विचारणार, "मोडली?" आई दोन हातांत दोन तुकडे धरून लोकांकडे बघत राहिली. बोलली नाही. कोणीच बोलेना. मागच्या रांगेतली एक म्हातारी, जिला तसंही कधी काही ऐकू येत नसे, ती पहिल्यांदा म्हणाली, "मोडली." मग सगळे म्हणाले. आणि ओठ घट्ट मिटून सरळ म्हाताऱ्याकडे बघत राहिले, वाजली की नाही ते तुझं तू बघ. आईनं माझं मनगट धरलं, दादाला पुढे घातलं, आणि आम्ही निघालो. मुलांना विचारायची रीत नव्हती. मला कोणी विचारलं नाही.

पुढे शहरानं ती वस्ती गिळली. जिथं कुंपण होतं तिथं रस्ता आला, रस्त्यावर दुकानं आली. बापानं आईनं लिंपलेल्या भिंती पाडून पक्क्या बांधल्या, दुसरी केली, आमच्यातलीच. तिला आम्ही धाकटी म्हणतो. आईचा वाटा बापानं दिला नाही. शहर आलं की पहिल्यांदा असलंच काहीतरी मोडतं, काड्या नाही. आईही मागायला गेली नाही, मागायचा नसतो म्हणून. हात दाखवून अवलक्षण कशाला, म्हणायची. बाप मेला, आणि दादाला एकदम आठवलं की आपल्याला एक बाप होता. त्या जागेवर आता बिल्डर डोळा ठेवून होता.

दादाच्या वकिलाची खोली एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर होती, जमीन सारखी थरथरायची. वकील तरुण, गोड बोलणारा. आईला मावशी म्हणायचा. त्यानं तळहातावर बोटानं रेघा मारत समजावलं, "हे बघा ताई, रूढीनं झालेला घटस्फोट कोर्ट मानतं. मानत नाही असं नाही. पण रूढी काय होती ते दाखवावं लागतं आणि ती तंतोतंत पाळली गेली हेही. आता तुमची रूढी काय म्हणते? आवाज आला पाहिजे. आवाज आला?"

"नाही," मी म्हणाले.

"संपलं!" त्यानं टाळीच वाजवली. "रीत पुरी झाली नाही. घटस्फोट नाही. मावशी शेवटपर्यंत बायको, आज विधवा. घर मावशींचं आणि तुमचं. ती दुसरी बाई कोण? कोणी नाही."

"आणि मोडली असं ठरलं तर?"

"तर विधवा ती दुसरी बाई. आणि तिचा वकील तयारीचा आहे, तो म्हणणार की तुमच्या रूढीत मोडणारीबरोबर गेलेली मुलं बापाच्या घराला परकी. म्हणजे तुम्ही दोघंही गेलात. तिघं रस्त्यावर."

"पण त्याच रूढीत मोडणारीचा वाटा आहे. हातानं उभं केलं त्यातला. भिंती आईनं लिंपल्या होत्या."

"लेखी आहे?"

"आमच्यात लिहायला कोणाला येत होतं?"

"मग साक्षीदार?"

"मेले."

"मग नाही." त्यानं खरोखर वाईट वाटल्यासारखा चेहरा केला. "ताई, एक एक रूढी वेगवेगळी सिद्ध करावी लागते. मोडल्याचं त्यांच्याकडे एक जुनं प्रकरण आहे, तुमच्याच लोकांतलं, कोर्टानं मानलेलं. वाट्याचं कोणी कधी कोर्टात आणलं नाही."

आणणार कसं? वाटा मागायचा नसतो, म्हणून कोणी कोर्टात गेलं नाही. कोणी गेलं नाही, म्हणून तो नाही. मी दादाकडे बघितलं, तो मोबाईलवर घराचे नकाशे बघत होता. आमची रीत घेतली, फाडली, तिचा आमच्या गळ्याला लागणारा तुकडा पक्का केला आणि आमच्या हाताला लागणारा फेकून दिला, आणि वर म्हणायचं, बघा, आम्ही तुम्हाला मान्यता दिली. आमच्या लोकांना जंगली म्हणणारे तरी तोंडावर म्हणायचे. आई मध्येच म्हणाली, "काय म्हणतोय?" दादानं तिच्या कानाशी जाऊन जाड आवाजात सांगितलं, "घर तुझं होणार. तू फक्त म्हणायचं, मी मोडली नाही. मी नवरा सोडला नाही, त्यानं मला टाकली." आई खिडकीबाहेर बघायला लागली. "टाकली," ती म्हणाली. शब्द चव घेऊन बघावा तसा. पुढे दाव्याच्या कागदावर अंगठा तिनं दिला. वकिलाला वाटलं असेल तिला सही येत नाही. येते. तिनं मुद्दाम दिली नाही.

साक्षीच्या आदल्या संध्याकाळी ती माझ्या खोलीत पोळ्या लाटत होती. माझी भाड्याची खोली, तीत तिचा कोपरा, कोपऱ्यात तिची ट्रंक, ट्रंकेवर तिची उशी. उभ्या आयुष्यात तिच्या नावाची एवढी जागा झाली. मालकाला ही खोली मुलासाठी हवी होती, ते तो जिन्यात भेटला की हसून सांगायचा. तिला माझे ओठ दिसावेत म्हणून मी तव्यासमोर उभी राहिले.

"काय सांगणार आहेस उद्या?"

"मुकादम सांगेल ते."

"खरं सांग."

"खरं काय?" तिनं लाटणं थांबवलं. "एक सांग, तू पुढं बसली होतीस. वाजली नव्हती ना?"

"नव्हती."

"मला वाटायचं, माझ्या छातीत धडधडत होतं म्हणून मला ऐकू आली नसंल." तिनं पोळी तव्यावर टाकली. "म्हणजे पोरी, मी इतकी वर्षं नवऱ्याची बायकोच व्हते म्हण की. आणि मी आपली मोकळी समजून हिंडत होते गाढवावानी." ती हसली. हसता हसता डोळे पुसले, पिठाच्या हातानं, आणि मग पीठ गेलं म्हणून चोळत बसली. "चुकलं बघ. सोलून बघायची होती काडी."

मला म्हणायचं होतं की तू मोकळीच होतीस. धुलाईखान्यातल्या बायका पगाराच्या दिवशी दाराशी उभ्या नवऱ्यांना पाकीट द्यायच्या, तू एकटी पाकीट पोलक्यात कोंबून चालायला लागायचीस, आणि मी तुझ्या मागे, तुझ्या टाचा बघत. त्या टाचा बायकोच्या नव्हत्या. आम्हाला कोणी टाकलेल्या बाईची पोरं म्हणालं तर तू त्याच्या घरी जाऊन भांडून यायचीस, "टाकली नाय, मी निघाले! निघाले!" सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं. त्या एका शब्दावर आम्ही वाढलो. दुसरं होतं काय घरात? आणि आता एका खोलीसाठी तो शब्द परत द्यायचा. पण खोली म्हणजे काय थोडी गोष्ट आहे? मी भाडं भरते, मला ठाऊक आहे. म्हाताऱ्या बाईला शब्दावर झोपवता येत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. यातलं मी काहीच बोलले नाही. ती मागे वळली होती, ओठ दिसले नसते.

कोर्टाच्या व्हरांड्यात धाकटी आधीच येऊन बसली होती. एकच बाक, त्यावर तिच्या शेजारची जागा तेवढी रिकामी. दादा म्हणाला उभं राहू, आई सरळ जाऊन तिच्या शेजारी बसली. गुडघे दुखतात, ते काय वादी-प्रतिवादी बघतात? धाकटीनं पाण्याची बाटली पुढे केली. "घ्या अक्का. उकाडा लई." आई प्यायली. धाकटीचा आवाज घोगरा, बाप्यासारखा, आईला तो लख्ख ऐकू येत होता.

"त्याचा तुकडा हाय का तुझ्याकडं?" आईनं विचारलं.

"कसला?"

"काडीचा. साहेब विचारत्यात, तुकडे आणा म्हणून."

धाकटीनं पदर तोंडाला लावला. "जाळला की मी. नवीन लगीन झालेलं. हे रोज तो काढून बघायचे. एक दिवस घातला चुलीत. तुमचा?"

"माझ्या तुकड्यावर चा झाला. पहिल्याच सांजेला." आई म्हणाली, "धूर किती केला मेल्यानं! ओला होता ना."

दोघी हसायला लागल्या. खांदे हलत होते. दादा पानाची पिंक टाकून आला तर त्याला काही कळेना, दोन्ही पक्ष हसतात म्हणजे काय.

हसणं ओसरल्यावर धाकटी हळू म्हणाली, म्हणजे तिच्या मानानं हळू, "अक्का, तुम्ही नाही मोडली म्हणाल तर मी कोण? पंचवीस-तीस वर्सं एका ताटात जेवलो आम्ही. त्यांचं हागणंमुतणं काढलं शेवटाला. कागदावर काय लिवतील माझ्याफुडं? ठिवलेली?"

आईनं बाटलीचं झाकण फिरवून घट्ट केलं.

"घरात या रहायला. माझी ना नाही. पर वकिलाला कोण सांगणार, त्यानं पोराच्या हातून सया घेतल्यात माझ्या. माझा भाचा हाय तो. त्याला पण बिल्डर भेटलाय."

"समद्यांना भेटलाय," आई म्हणाली. "मला तेवढा भेटला नाय."

मग पुकारा झाला. जज्जबाई बारीक चणीच्या, बारीक आवाजाच्या, दमलेल्या. आईला काही ऐकू जाईना. त्यांनी मला शपथ देऊन आईच्या पिंजऱ्याशी उभं केलं. "प्रश्न जसाच्या तसा सांगायचा. पदरचं काही घालायचं नाही. कळलं?" कळलं. हेच तर माझं काम आहे. इकडचा आवाज तिकडे पोचवायचा आणि दिवा लागतो का बघायचं. पंखा घरघरत होता, टाईप करणारा माणूस नाक ओढत होता, एका फाईलीवर मुंगी चालली होती. माझ्या कानांना सवय आहे, मी सगळं ऐकते. दादा मागे पहिल्या बाकावर, धाकटी शेवटच्या. तिचा वकील उभा राहिला. उंच, चिरक्या आवाजाचा, आईच्या दृष्टीनं नुसता ओठ हलवणारा.

त्यानं विचारलं, त्या दिवशी वस्ती जमली होती का. मी आईला सांगितलं. आई म्हणाली, जमली होती. काडी कुंपणातली होती का. होती. धरली कुणी? मीच. काडीचा आवाज आला का?

मी ओठ हलवले. आईनं वेळ लावला. "नाय," ती म्हणाली. "ओली व्हती." मागे दादानं श्वास सोडला तो मी ऐकला. टाईप करणाऱ्यानं खटखट केलं: आवाज आला नाही. खरं होतं ते. आणि त्या खऱ्यावर उभं राहून आता पुढचं खोटं बोलायचं होतं.

"मग," वकील म्हणाला, "तुम्ही काडी मोडली, की मोडली नाही? एका शब्दात सांगायचं."

मी आईकडे वळले. तिनं कठडा धरला होता, अंगठा लाकडावर दाबलेला, नख पांढरं. दादा खाकरला. जाड, तिला ऐकू जाईल असा. म्हण, मी मोडली नाही. तीन शब्द होते. ती ते म्हणणार होती, मला दिसत होतं, ओठांची तयारी झाली होती, आणि ते ओठ मी आयुष्यभर वाचत आले होते. घर. मालकाचं जिन्यातलं हसू. ट्रंकेवरची उशी. तिच्या टाचा. माझ्या तोंडात वकिलाचं अख्खं वाक्य होतं, की, का, कसं, एका शब्दात, आणि ते काही केल्या बाहेर येईना. जज्जबाई म्हणाल्या, "सांगा प्रश्न." मी तोंड उघडलं आणि त्यातून एवढंच आलं, तेवढ्याच सुरात, जसं त्या म्हाताऱ्यानं विचारलं होतं:

"मोडली?"

आईचे ओठ मिटले. मी बघत होते. तयारी केलेले तीन शब्द तिनं गिळले, ते घशातून उतरताना दिसले. तिनं कठडा सोडला. ताठ उभी राहिली आणि माझ्याकडून, जज्जबाईंकडून तोंड फिरवून बाकांवरच्या माणसांकडे बघायला लागली. बोलेना. ती बोलणारच नव्हती. हा प्रश्न तिला नव्हताच.

"साक्षीदारानं उत्तर द्यावं," जज्जबाई म्हणाल्या. मी ते सांगितलं नाही. दादा पुन्हा खाकरला, मग "आई!" म्हणाला, मग त्याला शिपायानं गप्प केलं. आई एकेका चेहऱ्यावरून नजर नेत होती. कोण कोण होतं तिथं? दुसऱ्याच खटल्यांची माणसं, दोन पोलीस, एक झोपलेला म्हातारा. वस्ती मेलेली. विचारायला कोणी उरलेलं नाही, आणि ही बाई बघत उभी आहे. मला वाटलं आता कोसळते ही. मला वाटलं, हिच्यासाठी काहीतरी वाजव, काहीही.

"मोडली," शेवटच्या बाकावरून घोगरा आवाज आला. धाकटी उभी राहिली होती, पदर नीट करत. तिचा वकील हसला, त्याला वाटलं आपल्यासाठी बोलली. शिपाई तिच्याकडे धावला. पण आई अजून तशीच उभी होती, कारण एकटीच्या म्हणण्यानं होत नाही, बाकीच्यांनीही म्हणावं लागतं. आणि बाकीचे म्हणजे मीच होते. माझ्या कानांनी काही ऐकलं नव्हतं. तेव्हाही नाही, आत्ताही नाही. शपथेवर सांगते, कुठं कट् झालं नाही. दादाचे डोळे माझ्यावर होते. घर माझ्या जिभेवर होतं, त्याच्या भिंती, आईच्या बोटांचे ठसे पुसून बांधलेल्या.

"मोडली," मी म्हणाले.

"अहो तुम्हाला कोणी विचारलं?" जज्जबाई पहिल्यांदाच मोठ्यानं बोलल्या. "हे लिहू नका. पुसा ते. काय चाललंय?"

आईनं मान हलवली, झालं, अशी. पदर खांद्यावर घेतला. पिंजऱ्याचं छोटं दार तिनं स्वतःच ढकललं, एक पायरी उतरली, आणि बाकांच्या मधून चालायला लागली, दादाच्या गुडघ्यांना वळसा घालून, धाकटीच्या समोरून, मागे न बघता. तिच्या टाचा मला दिसत होत्या. भेगाळलेल्या, घाई नसलेल्या.

"बाई, थांबा!" वकील मागून ओरडत होता. "तुम्हाला अजून सोडलेलं नाही! कोर्टानं सोडलेलं नाही!"

त्याचा आवाज फार चिरका होता. असले आवाज आईला ऐकू येत नाहीत.